नाव कशाला विचारता, बूड बघा

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर ज्याने दोन तास काढले आहेत, त्याला जगातल्या तेलाच्या चोरवाटा निम्म्या तरी आपोआप कळतात. २०२३ च्या सुमाराला कर्नाटकात डिझेल महाराष्ट्रापेक्षा लिटरमागे चार-पाच रुपयांनी स्वस्त होते. निपाणीकडच्या पंपांवर कोल्हापूरला निघालेले ट्रक टाकी गळ्यापर्यंत भरून घ्यायचे. एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटकाने डिझेलवरचा विक्रीकर १८.४४ टक्क्यांवरून २१.१७ टक्क्यांवर नेला, दरातला फरक बराच आटला आणि ती ओढही आटली. कुणी पोलीस बंदोबस्त लावला नव्हता. गोव्याच्या दारूच्या दरातला फरक मात्र तसाच आहे, म्हणून गोव्याहून बेळगावला येणाऱ्या चोर्ला घाटातली तपासणी तशीच आहे आणि भाजीच्या क्रेटखाली लपवलेली खोकीही तशीच आहेत.

समुद्रात फक्त आकडे मोठे. सुएझमॅक्स जातीच्या टँकरमध्ये साधारण दहा लाख पिंपे कच्चे तेल मावते. एक पिंप १५९ लिटरचे. बेळगावजवळच्या देसूरच्या तेल-डेपोतून निघणारा १२ हजार लिटरचा टँकर मापाला घेतला, तर असे तेरा हजारांवर टँकर एका जहाजात जातात. पिंपामागे दहा डॉलरचा फरक पडला तर एका खेपेत एक कोटी डॉलर. एवढ्या पैशासाठी जहाजाचे नाव रंगवून बदलणे, दुसऱ्या देशाचा झेंडा लावणे, खोटे ठिकाण सांगणे, सगळे परवडते.

हा फरक तयार कसा झाला तेही थोडक्यात. मे २०१८ मध्ये अमेरिका इराणच्या अणुकरारातून बाहेर पडली आणि इराणी तेल निर्बंधाखाली गेले. ५ डिसेंबर २०२२ पासून जी-७ देशांनी रशियन कच्च्या तेलाला पिंपामागे ६० डॉलरची मर्यादा घातली. त्याहून महाग विकायचे असेल तर पाश्चात्त्य कंपन्यांचे जहाज, विमा, दलाली काही मिळणार नाही. पुढे युरोपीय संघाने आपली मर्यादा सप्टेंबर २०२५ पासून ४७.६ डॉलरवर आणली. मग ज्यांना विकायचे होते त्यांनी म्हातारी जहाजे विकत घेऊन स्वतःचाच ताफा उभा केला. त्यालाच सावलीचा ताफा म्हणतात.

हे निर्बंध आपण पाळावेत की नाही, हा वाद या लेखात नको. भारत फक्त संयुक्त राष्ट्रसंघाचे निर्बंध मानतो. ही भूमिका रास्त आहे. दुसऱ्या देशाच्या संसदेने केलेला कायदा आपल्या गळ्यात का बांधून घ्यायचा? पण या रास्त भूमिकेच्या आडून एक भलतीच गोष्ट आपल्या पदरात पडते आहे. स्वस्त तेल घेणे वेगळे, आणि ज्याचा मालक, विमा आणि खरे ठिकाण कुणालाच ठाऊक नाही असे जहाज आपल्या किनाऱ्यापाशी येऊ देणे वेगळे. पहिल्याचा फायदा आपला. दुसऱ्याचा धोका आपला. म्हणून भारतीय बंदरांनी जहाज स्वतःबद्दल काय सांगते यावर विसंबू नये, त्याच्याबद्दल जे मोजता येते त्यावर निर्णय घ्यावा, आणि ती मोजणी लोकांसमोर ठेवावी, असे आमचे म्हणणे आहे. उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला हे पटायला जड जाऊ नये. कारखान्याच्या पावतीवर काय छापले आहे ते सोडून तो आधी काटा बघतो.

आता जहाज स्वतःबद्दल काय सांगते ते पाहू. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० टनांवरच्या (इथले टन वजनाचे नव्हेत, आकारमानाचे) प्रत्येक जहाजावर एआयएस नावाचे यंत्र सक्तीचे आहे. २००४ अखेरपासून सगळीकडे. मूळ हेतू टक्कर टाळण्याचा, पाळतीचा नव्हे. व्हीएचएफ रेडिओच्या १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झ या दोन वाहिन्यांवर जहाज चालत असताना दर दोन ते दहा सेकंदांनी आपले ठिकाण, वेग, दिशा ओरडून सांगते. नांगरावर असताना दर तीन मिनिटांनी. नाव, माल कसला, कुठे निघाले, पाण्यात किती बुडाले आहे, ही माहिती दर सहा मिनिटांनी जाते. किनाऱ्यावरच्या अँटेनाला वीस ते चाळीस सागरी मैलांपर्यंतचे ऐकू येते, पलीकडचे उपग्रह ऐकतात.

यातले यंत्र स्वतः काय भरते आणि माणूस हाताने काय टाइप करतो, हे नीट पाहिले पाहिजे. ठिकाण आणि वेग जीपीएसमधून येतात. गंतव्य बंदर मात्र अधिकारी कळफलकावर टाइप करतो. वीस अक्षरांची जागा. त्यात कुणी बंदर लिहितो, कुणी ‘पुढील आदेशासाठी’ एवढेच लिहून सोडतो. जहाज पाण्यात किती बुडाले आहे, म्हणजे ड्राफ्ट, तोही हातानेच भरतात. दशांश मीटरच्या टप्प्याने, जास्तीत जास्त २५.५ मीटर. ओळखीसाठी दोन आकडे असतात. एमएमएसआय हा नऊ आकडी. त्याचे पहिले तीन आकडे झेंड्याचा देश सांगतात: ४१९ भारत, ६३६ लायबेरिया, ५३८ मार्शल आयलंड्स, ६२६ गॅबॉन, ५१८ कुक आयलंड्स. ही झाली गाडीची पाटी. केए-२२ ची एमएच-०९ करता येते, तसा झेंडा बदलला की हाही बदलतो. दुसरा आयएमओ नंबर, सात आकडी. हा शॅसी नंबर. जहाज बांधताना मिळतो, मोडीत निघेपर्यंत बदलत नाही, आणि सांगाड्यावर कायमचा कोरून किंवा वेल्ड करून ठेवावा लागतो. बेळगावचे २०१४ साली बेळगावी झाले, जमिनीचे सर्व्हे नंबर जिथल्या तिथे राहिले, तसेच हे.

आयएमओ नंबर बनावट आहे का, हे कागद-पेन्सिलीने तपासता येते. पहिल्या सहा आकड्यांना डावीकडून अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचे आणि बेरीज करायची. बेरजेचा शेवटचा आकडा नंबरच्या सातव्या आकड्याशी जुळला पाहिजे. ९०७४७२९ घ्या. ६३, ०, ३५, १६, २१, ४; बेरीज १३९. शेवटचा आकडा ९, जुळला. मनाने ठोकून दिलेला नंबर या गाळणीत दहातल्या नऊ वेळा अडकतो. पण मुरलेला माणूस नंबर ठोकून देत नाही. तो मोडीत निघालेल्या जहाजाचा खरा नंबर उचलतो. गणित बरोबर येते, जहाज मात्र मेलेले असते. गुजरातेतल्या अलंगच्या किनाऱ्यावर कापून झालेले जहाज सहा महिन्यांनी मलाक्काच्या सामुद्रधुनीत तेल वाहताना दिसले, तर त्याचा नंबर कुणीतरी पांघरला आहे हे उघड आहे. म्हणून गणितानंतर दुसरी पायरी: इक्वासिस या फुकट ऑनलाइन नोंदवहीत तो नंबर टाकून जहाज जिवंत आहे का, किती साली बांधले, झेंडे किती वेळा बदलले, विमा कुणाचा, बंदरातल्या तपासणीत काय सापडले, हे वाचायचे. नाव नोंदवले की मिळते. दहा मिनिटांचे काम.

झेंड्याचे प्रकरण तर तमाशाच आहे. समुद्र नसलेल्या देशालाही जहाज नोंदवण्याचा हक्क आहे आणि मंगोलियाची नोंदवही खरोखर चालते. त्यात गैर काही नाही. गैर पुढे आहे. एखाद्या देशाच्या नावाने संकेतस्थळ काढून बनावट प्रमाणपत्रे विकणारे आहेत आणि त्या देशाच्या सरकारला त्याचा पत्ताही नसतो. असा झेंडा लावलेले जहाज कायद्याने कुठल्याच देशाचे नसते. समुद्री कायद्याच्या करारानुसार राष्ट्रीयत्व नसलेल्या जहाजावर कुठलीही युद्धनौका चढून तपासणी करू शकते. भारताच्या २०२५ च्या नव्या व्यापारी जहाज कायद्यातही झेंड्याचा हक्क नसलेले जहाज अडवून ठेवण्याची तरतूद आहे. हत्यार हातात आहे. ते कपाटात राहू नये.

खोटे बोलण्याच्या रीती तीन. पहिली, यंत्र बंद करणे. दुसरी, यंत्र चालू ठेवून त्यात खोटे ठिकाण भरणे. तिसरी, दुसऱ्याची ओळख पांघरणे, ती वर आलीच. पहिली सगळ्यांत ढोबळ, कारण गप्प बसलेले जहाजही वेळेच्या हिशेबात सापडते. टँकर १२ नॉटने, म्हणजे तासाला १२ सागरी मैलांनी, चालला तर दिवसाला २८८ सागरी मैल तोडतो. अ या ठिकाणी तो दिसेनासा झाला, पाच दिवसांनी ३०० मैलांवरच्या ब या ठिकाणी उगवला, तर मधले चार दिवस कुठे गेले? बेळगावहून सकाळी सुटलेला ट्रक कोल्हापूरला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचला तर मालक ड्रायव्हरला जे विचारतो, तेच इथे विचारायचे. त्या चार दिवसांत तो जास्तीत जास्त किती लांब जाऊन परत येऊ शकला असता, याचे वर्तुळ नकाशावर काढले की तेल भरण्याची बंदरे त्यात दोन-चारच उरतात.

दुसरी रीत कुशलतेची. एआयएसला जीपीएसऐवजी संगणकातून बनावट अक्षांश-रेखांश पुरवले जातात. जहाज ओमानसमोर नांगरावर आहे असे जग बघते, ते इराणच्या खार्ग बेटावर तेल भरत असते. पण खोट्यालाही वळण असते. नांगरावरचे खरे जहाज वाऱ्याने आणि भरती-ओहोटीने नांगराभोवती वाकडेतिकडे फिरते. त्याची रेघ लहान मुलाने गिरगटल्यासारखी दिसते. बनावट रेघ कंपासने काढल्यासारखी सुबक असते, नाहीतर आयत फिरत राहते. जहाजाचे तोंड एकीकडे आणि सरकणे भलतीकडे, वेग दिवसभर दशांशापर्यंत तोच, या आणखी खुणा. आणि शेवटचा पुरावा आकाशातून. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रे फुकट मिळतात, एका ठिपक्यात दहा मीटर. ३३० मीटर लांब, ६० मीटर रुंद अजस्र टँकर त्यात ३३ ठिपके लांब आणि ६ ठिपके रुंद दिसतो. नाव वाचता येत नाही, पण सांगितल्या जागी जहाज आहे की नुसते पाणी, हे शंभर टक्के कळते. ढग असतील, रात्र असेल, तर सेंटिनेल-१ चे रडार. पावसाळ्यात अरबी समुद्रावर दुसरे काही कामाचेच नाही.

तरीही सगळ्यांत बोलका पुरावा बुडाचा. जहाज स्वतःच एक वजनकाटा आहे. पुढे, मधे आणि मागे सांगाड्यावर मीटरचे आकडे रंगवलेले असतात. पाणी कुठल्या आकड्याला लागले ते वाचले की पोटात किती आहे ते निघते. २४५ मीटर लांबीचे अफ्रामॅक्स जातीचे (सुएझमॅक्सहून लहान) जहाज एक सेंटिमीटर खाली जायला साधारण ९० टन माल लागतो. रिकामे असताना ते सात-आठ मीटर बुडते, भरल्यावर पंधराच्या आसपास. आता असे समजा की एक जहाज साडेसात मीटरवर येऊन उघड्या समुद्रात नांगर टाकते आणि सहा दिवसांनी पंधरा मीटरवर निघते. जवळ तेलाचा धक्का नाही, पाइप नाही. मग समुद्रातून तेल उगवले का? त्याच्या कुशीला दुसरे जहाज लागले होते, एवढाच अर्थ. आणि कप्तानाने यंत्रात साडेसातच ठेवले असले तरी हरकत नाही. बंदरात येताना वाट दाखवणाऱ्या पायलटच्या बोटीतून पाहणाऱ्याला तो आकडा नुसत्या डोळ्याने दिसतो. काटा मारता येतो, पण जहाज आणि पाणी यांच्यामधला काटा कुणाला मारता आलेला नाही.

कुशीला जहाज लावून तेल बदलणे हा प्रकार मुळात बेकायदा नाही. मोठे जहाज उथळ बंदरात जाऊ शकत नाही म्हणून रोज कुठे ना कुठे तो चालतो. दोन जहाजे सारख्या मंद वेगाने, पाच नॉटच्या आसपास, एकमेकांना समांतर येतात. मधे साडेसहा मीटर लांब आणि सव्वातीन मीटर जाड रबराचे चार मोठे फेंडर, म्हणजे घासाघीस झेलणाऱ्या उशा. दोरखंड बांधले, होज (तेलाचे लवचिक नळ) जोडले, पंप सुरू. तासन्‌तास चालणारे काम. जहाजांचे प्रदूषण रोखणाऱ्या मार्पोल करारानुसार एखाद्या देशाच्या विशेष आर्थिक क्षेत्रात (किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत) हे करायचे तर त्या देशाला ४८ तास आधी कळवावे लागते. कळवायचेच नसेल तर? मग त्या क्षेत्राच्या कडेला, जिथे कुणी हटकत नाही तिथे. मलेशियातल्या जोहोरच्या पूर्वेचा समुद्र, ग्रीसचे लॅकोनियन आखात, अमिरातीतल्या फुजैराबाहेरचा पट्टा, ही नावे त्यातूनच पुढे आली. इराणी तेल जोहोरजवळ एका पोटातून दुसऱ्या पोटात गेले की कागदावर मलेशियाचे होते. चीनच्या सीमाशुल्काच्या आकड्यांत मलेशियातून येणारे तेल मलेशियाच्या स्वतःच्या उत्पादनापेक्षा कितीतरी जास्त दिसते. विहिरीपेक्षा मोठी बादली!

यात बिघडते काय, ते सांगायलाच हवे, कारण इथे माणसे मरतात. दोन्ही जहाजांचे एआयएस बंद, टग (ओढबोट) नाही, फेंडर झिजलेले, होजची दाबचाचणी कधी झाली ते ठाऊक नाही, आणि लाट आडवी आली की दोरखंड तुटतो. पण सगळ्यांत घातक असते तेल उतरवून रिकामी झालेली टाकी. भरलेली टाकी एकवेळ शांत असते. रिकामीत तेलाची वाफ उरते. म्हणून टाकीत निष्क्रिय वायू भरून प्राणवायू आठ टक्क्यांच्या आत ठेवतात. अकराच्या वर गेला की एक ठिणगी पुरते. जुन्या जहाजावर हा वायू देणारे यंत्र कुरकुरते, व्हॉल्व्ह गळतो, प्राणवायू मोजणारे मीटर कुणी वर्षानुवर्षे तपासलेले नसते. १ मे २०२३ रोजी मलेशियासमोर ‘पाब्लो’ नावाचा टँकर फुटला. १९९७ ची बांधणी, गॅबॉनचा झेंडा, चीनमध्ये माल उतरवून रिकामा परतत होता. २८ खलाशांपैकी ३ बेपत्ता झाले. सांगाडा महिनोन्‌महिने तिथेच पडून होता, कारण जबाबदारी घ्यायला मालक पुढे येईना आणि विम्याचा पत्ता लागेना.

उलट बाजूही बघितली पाहिजे, नाहीतर हौशी पाळत ठेवणारे निरपराधाला सुळावर चढवतात. एआयएसमध्ये खंड पडला म्हणजे जहाज चोर, असे होत नाही. प्रत्येक वाहिनीवर संदेशांसाठी वेळेचे मिनिटाला २२५० कप्पे असतात; सिंगापूरसारख्या गर्दीत उपग्रहाला शेकडो जहाजे एकाच वेळी ऐकू येतात आणि निम्मी पुसली जातात. लाल समुद्रात नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हूती बंडखोरांचे हल्ले सुरू झाल्यावर कित्येक सचोटीच्या कप्तानांनी जिवाच्या भीतीने यंत्र बंद केले आणि तसे करायची मुभा नियमात आहे. होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ जीपीएस जॅम होते तेव्हा चांगली जहाजे नकाशावर वाळवंटात उभी दिसतात. म्हणून एका खुणेवर निकाल नाही. खंड, त्या काळातला ड्राफ्टचा फरक, उपग्रहाचे चित्र आणि मालकीचा इतिहास, यांतल्या तीन गोष्टी एकाच बाजूला झुकल्या तरच बोट दाखवावे.

आता प्रश्न येतो, बेळगावला याचे काय? समुद्र इथून घाटाखाली आहे. पण घाट उतरला की कारवार आहे. ‘बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकी’ ही माळ ज्यांच्या तोंडात बसली आहे त्यांनी कारवारकडे नकाशावरचे नाव म्हणून नव्हे, किनारा म्हणून बघावे. मंगळूरच्या रिफायनरीचे कच्चे तेल जहाजाने याच समुद्रातून येते. पावसाळ्याच्या तोंडाला गोव्याच्या वाळूवर डांबराचे गोळे येतात, सहलीला गेलेल्या बेळगावकरांच्या चपलांना चिकटतात, रॉकेलने पुसावे लागतात. ते चिल्लर प्रदूषण. एखादा भरलेला टँकर फुटला तर काळी नदीच्या मुखापासून मालवणपर्यंत मासेमारी किती हंगाम बंद राहील, याचा अंदाज कुठल्याही रापणकाराला विचारावा.

भरपाई कोण देणार? दोन हजार टनांहून जास्त तेल वाहणाऱ्या टँकरला तेलगळतीच्या भरपाईच्या १९९२ च्या दायित्व करारानुसार विमा सक्तीचा आहे. जगातल्या समुद्री जहाजांच्या एकूण टनभारापैकी सुमारे नव्वद टक्क्यांचा असा विमा बारा संस्थांच्या एका गटाकडे असतो. सावलीच्या ताफ्यातली बहुतेक जहाजे त्याबाहेर. भारताने काही रशियन विमा कंपन्यांना आपल्या बंदरांपुरती मान्यता दिली आहे. त्या किती देऊ शकतील, हे मोठ्या गळतीशिवाय कळणार नाही आणि तोवर उशीर झालेला असेल. नॉर्वेमध्ये तर परवाना नसलेली एक कंपनी टँकरांना विम्याची प्रमाणपत्रे वाटत असल्याचे उघडकीला आले. जहाजमालक देऊ शकला नाही तर १९९२ चा आंतरराष्ट्रीय निधी भरपाई देतो. हा निधी कुणाच्या पैशाचा? वर्षाला दीड लाख टनांहून जास्त तेल घेणाऱ्यांच्या वर्गणीचा, आणि त्या वर्गणीदारांत भारतीय कंपन्या वरच्या ओळीत आहेत. म्हणजे निनावी जहाजाने केलेल्या घाणीच्या खर्चाचा वाटा आपल्याही रिफायनऱ्यांच्या खिशातून निघणार आणि फिरून पंपावर येणार.

तुलनेला केरळ ताजा आहे. २५ मे २०२५ रोजी एमएससी एल्सा ३ हे मालवाहू जहाज ६४० कंटेनर आणि साडेचारशे टन इंधनासह कोचीजवळ बुडाले. केरळ सरकारने ९,५३१ कोटींचा दावा लावला आणि उच्च न्यायालयाने त्याच कंपनीचे दुसरे जहाज विळिंजम बंदरात अडकवून ठेवले. रक्कम किती मिळेल ते पुढचे पुढे. पण दार ठोठवायला मालक होता, जप्त करायला जहाज होते. पाब्लोसारख्याच्या बाबतीत न्यायालयाने नोटीस कुणाच्या पत्त्यावर धाडायची?

एक आक्षेप नेहमी येतो: जहाजांची इतकी चौकशी केली तर स्वस्त तेल बंद होईल. हे खरे नाही. २०२५ च्या वसंतात रशियन तेलाचा भाव साठ डॉलरच्या मर्यादेखाली उतरला, तेव्हा ग्रीक मालकांची विमा असलेली, चोख कागदांची जहाजे लगेच त्याच मालासाठी परत आली. तेल तेच, फक्त जहाजाला चेहरा होता. आणखी एक गोष्ट. उत्तर कोरियाला समुद्रात जहाजाला जहाज लावून तेल देण्यावर सप्टेंबर २०१७ मध्ये बंदी आली ती संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेची, म्हणजे आपल्यालाही बंधनकारक. ती बंदी मोडण्याच्या युक्त्याही याच. पाश्चात्त्यांचा राग म्हणून आपण या युक्त्यांकडे काणाडोळा केला, तर आपणच मानलेल्या ठरावाकडे काणाडोळा होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये अदानी समूहाने आपल्या बंदरांत अमेरिका, ब्रिटन आणि युरोपच्या यादीतल्या जहाजांना मज्जाव केला. खासगी कंपनीने आपला धंदा वाचवला, ठीक. पण परक्यांची यादी वाचून दार बंद करणे हे सार्वभौम देशाचे धोरण होऊ शकत नाही. आपली कसोटी आपली हवी: गेल्या नव्वद दिवसांची एआयएस रेघ, खंड असेल तर कप्तानाचे लेखी कारण, विमा कंपनीकडून थेट आलेली खातरजमा (जहाजाने दाखवलेला कागद चालणार नाही), आणि बंदरात शिरताना वाचलेला ड्राफ्ट. या चार गोष्टी बंदराने आयएमओ नंबरासह त्याच दिवशी जाहीर कराव्यात. मालाचा भाव आणि खरेदीदार गुप्त राहू दे. जहाजाची ओळख व्यापारी गुपित होऊ शकत नाही.

राहिला आपल्या पोरांचा विषय, आणि खरे तर आमच्या लेखी तोच पहिला. खानापूर, चंदगड, बेळगाव तालुक्यातली मुले सैन्यात जातात तशी आता मर्चंट नेव्हीतही जाऊ लागली आहेत. सहा महिन्यांचा जीपी रेटिंगचा (साध्या खलाशाचा) कोर्स, सीडीसी (खलाशाचे नोंदणी-पुस्तक), टँकरचा प्राथमिक कोर्स, आणि मग पहिल्या नोकरीसाठी एजंटाच्या दारात महिनोन्‌महिने चकरा. याच टप्प्यावर जाळे पडते. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या मोजणीनुसार २०२४ मध्ये ३१२ जहाजांवर ३,१३३ खलाशांना मालकांनी वाऱ्यावर सोडले. त्यांत सर्वाधिक भारतीय होते, ८९९. दोन महिने पगार थकला की सागरी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या भाषेत खलाशी ‘सोडून दिलेला’ ठरतो आणि विमा कंपनीने चार महिन्यांपर्यंतचा पगार आणि घरी परतीचा खर्च द्यायचा असतो. विमाच खोटा असेल तर पोरगा गंजलेल्या डेकवर पावसाचे पाणी पिऊन बसतो आणि घरचे लोक आमदाराच्या कचेरीत.

म्हणून ज्यांच्या घरात असा करार आला आहे त्यांनी सही करण्याआधी पाहायच्या गोष्टी. एजंटाकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा सरकारी परवाना आहे का आणि तो आज चालू आहे का, हे नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पाहावे. भिंतीवरच्या फ्रेमला अर्थ नाही. परवानाधारक एजंट नोकरी लावण्याचे पैसे मुलाकडून घेऊ शकत नाही. लाख-दोन लाख मागितले तर तिथेच उठावे, मग तो गावचा पाहुणा का असेना. जहाजाचे नाव सांगतात पण आयएमओ नंबर ‘पोचल्यावर कळेल’ म्हणतात, तर पोचूच नये. नंबर मिळाला तर इक्वासिसमध्ये वय आणि झेंडे बघावेत. वीस वर्षांवरचा टँकर, दोन वर्षांत तीन झेंडे, दर वेळी नवा मालक आणि त्या मालकाच्या नावावर हे एकच जहाज, असे दिसले तर पगार दीडपट असला तरी त्या दीडपटीचे कारण कळले. बंदरात न चढवता फुजैराला किंवा जोहोरला व्हिजिट व्हिसावर नेऊन लाँचने समुद्रात चढवणार असतील तर तेही कारणच. आणि चढलाच असेल तर पहिल्याच दिवशी मेसच्या भिंतीकडे बघायचे. खलाशांच्या विम्याचे प्रमाणपत्र सगळ्यांना दिसेल असे लावणे सक्तीचे आहे. त्यावरच्या विमा कंपनीचे नाव, जहाजाचा सात आकडी नंबर आणि मुदतीची तारीख यांचा फोटो काढून घरी पाठवायचा, जहाज किनाऱ्याच्या रेंजमध्ये आहे तोवर.